टेकडीला आईचं नाव

३ फेब्रुवारी
आई एकदा भांडी घासता घासता म्हणाली होती, "माझ्यामागे माझं नाव कशालाही देऊ नका गं. उगाच लोक हाका मारत बसतील."
दादाने देऊन टाकलं. टेकडीला. त्याची कंपनी बॅटऱ्यांसाठी निकेल शोधते, नशिबात असेल तर प्लॅटिनमही. खाण एकही नाही. अंधेरीत ऑफिस, आणि कोकणातल्या एका टेकडीला पाडलेली भोकं. अशा जागांना घरातल्या बायकांची नावं द्यायची यांच्यात पद्धत आहे म्हणे. म्हणून ही 'शालिनी'.
"सरप्राइज!" म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणून 'छान' म्हटलं.

९ फेब्रु.
मुलुंडहून अंधेरी. दादाला कंपनीच्या माहितीपत्रकात आईवर चार ओळी हव्यात. "तू लेखिका ना? जरा हळवं लिही. गुंतवणूकदारांना आवडतं."
काचेच्या खोलीत मीटिंग. सगळ्यांच्या पायात डोंगरात घालायचे बूट, एकावरही माती नाही.
साठे, यांचे भूगर्भतज्ज्ञ : "शालिनी वरून छान दिसते, पण आत काही लागत नाहीये."
दुसरा कुणी : "अजून खोल जाऊ ना यार. नाहीतर सोडून देऊ शालिनीला."
दादा मान डोलावत होता. त्याला काही खटकलंच नाही. मी बिस्कीट खात राहिले. मीही थोरच.

१० फेब्रु.
चार ओळी लिहिल्या. फाडल्या. आईने कधी कुणाला आत डोकावू दिलं नाही. हॉस्पिटलमध्ये शुद्ध आली की आधी पदर चाचपायची. आणि आता हे...

१४ फेब्रु.
दादाचा फोन. विचारलं, "टेकडीला आधी नाव नव्हतं का रे?"
"गाववाले बोडका म्हणतात. बोडका! स्लाइडवर काय टाकू, सांग?"
काय वाईट आहे? निदान खरं आहे.

१८ फेब्रु.
पुन्हा फोन. आवाज पडलेला. "साठे म्हणतो, शालिनीत दम नाही. पुढच्या मीटिंगमध्ये बंद करतील. तुझ्या ओळी आल्या तर गुंतवणूकदार थांबतील गं, अजून एक भोक पाडता येईल."
म्हणजे मी लिहिलं तर आईच्या नावाने आणखी खणणार. नाही लिहिलं तर 'शालिनी : निरुपयोगी' असा शेरा मारून फाइल कपाटात.
दादा ऐकणार नाहीच. सगळीकडे छापून झालंय, म्हणेल. आईसाठीच केलं ना, म्हणेल, आणि रडेल. तरी पाठवला मेसेज :
"दादा, ओळी देत नाही. खणायचं तर खणा, बंद करायचं तर करा. त्याआधी आईचं नाव काढ. नापास व्हायचं तर बोडक्याला होऊ दे."