भिवाजीच्या धोतराची वाकळ

१४ नोव्हेंबर ७७, सोमवार
सगळ्यात आधी आली शेजारची तुळसाबाई. माहे पाहुणे एश्टीतून उतरायच्या आधीच ती ओसरीत, तिची बकरी माह्या दारात. म्हणे, भागिरथा, पोरगा यंदा खरंच येते काय, का दर वर्षासारखंच? तेवढ्यात देवमन, सून अंजना अन् नात विशाखा गल्लीत शिरले. तुळसाबाईचं तोंड पाहण्यासारखं झालं! अकोल्याहून आले, पंधरा दिवस राहणार. पोरगी सहा वर्षांची, पण नाक हुबेहूब माह्या बुढ्याचं, भिवाजीचं.

आज तिले माह्या वाकळीत घेणार. ह्या वाकळीच्या मधल्या पदरात बुढ्याचं पांढरं धोतर शिवलेलं हाय. छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली तवा नेसलं होतं. त्याच साली त्यानं मले अक्षरं शिकवली. तो गेला त्याले चार वर्षं झाली. तवापासून वाकळ धुतली नाही, धुतली का त्याचा वास जाते. सकाळी तिच्यात तोंड खुपसलं का मले सात शिंका येतात. ती त्याची हाक. जिवंत होता तवाही असाच तपकिरीनं शिंकवत होता मेला.

१५ नोव्हेंबर, सकाळी
पोरगी उठल्यापासून शिंकून राह्यली. मी खूष. म्हटलं, आजोबानं नातीले ओळखलं!
अंजना म्हणे, आई, तिची छाती वाजून राह्यली. अकोल्याच्या डाक्टरनं सांगतलं हाय, जुन्या अंथरुणात डोळ्याले न दिसणारे किडे राहतात, त्यांच्या घाणीनं दम लागते. आता जे दिसतच नाहीत ते डाक्टरले कसे दिसले? मी म्हटलं, माह्या घरात एक ढेकूण दाखव, मंग बोल.
पोरीनं काल सीताफळ खाल्लं, तेच बाधलं. आजपासून सीताफळ बंद.

१६ नोव्हेंबर
सीताफळ बंद, तरी छाती वाजली. मंग अंजनाची पावडर असंल. पावडर बंद. अंजना रुसली.
नजर-गिजर आमी मानत नाही, धम्म घेतला तवाच सोडलं. मीठ नुसतं पोरीभवती फिरवून पाहिलं, त्याले उतरवणं म्हणत नाहीत. नेमकं तुळसाबाईनं पाहिलं. म्हणे, काय वं, बुद्धाच्या फोटोसमोर? मी म्हटलं, भाजीत टाकून राह्यली. भाजी खारट झाली.

१७ नोव्हेंबर, गुरुवार
रातच्याले पोरगी अंजनाजवळ सतरंजीवर झोपली. दम नाही, काही नाही. सीताफळ उतरलं असंल.
आज मी निकालच लावला. सगळ्याईले अंगणात बोलावलं, वाकळ उन्हात दोरीवर टाकली. म्हटलं, एक किडा पडला त चुलीत घाला हिले. अन् काठीनं धोपटली. काय धुरळा निघाला! मी मोजून राह्यली किडे, अन् विशाखा पळत आली, वाकळीखाली शिरली. म्हणे, आजी, हे माहं घर.
मंग जीप, कारंज्याचा दवाखाना, इंजेक्शन. दुपारी परत आले.
किडा एकही पडला नव्हता. माहंच खरं निघालं.
पोरीचे ओठ जांभळे झाले होते.
देवमन म्हणे, आई, बाबाचं धोतर हाय म्हणून मी चूप होतो.

१८ नोव्हेंबर
गेले. पंधराचे चार दिवस झाले. देवमनले हापिसातून बोलावलं असंल. तार आली नाही, पण असंल.
एश्टीत चढताना विशाखा माह्या कानात म्हणे, आजी, तू ये ना अकोल्याले. वाकळ नको आणू.

१९ नोव्हेंबर
मोठ्या गंजात पाणी ठेवलं, सोडा टाकला, वाकळ उकळली. तुळसाबाई आली. जन्मात पहिल्यांदा काही बोलली नाही. दुसरं टोक धरून पिळू लागली. पाणी काळ्या चहावानी. शिवण उसवली, धोतर बाहेर आलं. पांढरंफट्ट. छप्पन सालासारखं.
दोरा ओवून पुन्हा शिवलं.

२१ नोव्हेंबर, सोमवार, सकाळी
वाकळ वाळली. तोंड खुपसलं. सोड्याचा वास. वाट पाहिली. शिंक नाही. अजून जरा वेळ पाहिली. एकही नाही.
बुढ्या, चार वर्षं ते किडेच होते काय रे?
तुळसाबाईची तपकीर मागून ओढली. नऊ शिंका आल्या. पण त्या नुसत्या शिंका.

देवमन जाताना येतो म्हणाला भीमजयंतीले. सकाळच्या एश्टीनं येणार, संध्याकाळच्या एश्टीनं जाणार, अंथरूण लागणार नाही म्हणे. तरी मी वाकळ घडी करून ठेवली हाय.
वार मोजून ठेवला: १४ एप्रिल, शुक्रवार.