रोवणीतली सुई

प्रिय बाई,

जिवंतपणी मी तुम्हाला कधी 'प्रिय' म्हटलं नाही, आणि म्हटलं असतं तर तुम्ही माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला असता. पण मेलेल्या सासूला पत्रात काय लिहितात ते आमच्या चौथीपर्यंतच्या शाळेत कोणी शिकवलं नाही. तेव्हा हेच चालवून घ्या. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून लिहून झालं की मी हे मोठ्यानं वाचूनही दाखवणार आहे. मधेच उठून जायची सोय आता तुम्हाला नाही!

आजच का लिहायला बसले? तुम्ही माघात गेलात. तुमच्यामागची ही धानाची पहिली रोवणी. आणि बाई, तुमच्या घरात रोवणी चालू असताना मी सुईत दोरा ओवलाय. दिवसाढवळ्या, घरापुढच्या सपरीत बसून, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी गोधडी पसरून. दुसऱ्या कोणी तुमच्या कानावर घालण्याआधी मीच सांगते.

तुमची रीत मी विसरलेली नाही. कशी विसरेन? बांधीत धानाचं पहिलं रोप लागायच्या आदल्या दिवशी तुम्ही घरातल्या सगळ्या सुया मागून घ्यायच्या, चिंधीत खोचायच्या आणि ती चिंधी सपरीच्या आड्याला बांधून टाकायच्या. धान कापून, चुरून, कोठीत पडेपर्यंत ती खाली यायची नाही. मधल्या दिवसांत कोणाचं लुगडं फाटलं तर गाठ मारायची, पोरांची चड्डी फाटली तर तशीच. "रोवन्यात सुई ओवली तं धरनीमाय कोपते, पानी ओढून घेते," म्हणायच्या तुम्ही. गावात दुसऱ्या एकाही घरात ही रीत नव्हती. मी लग्न होऊन आले त्या वर्षी विचारलं होतं, "काऊन जी बाई?" तुम्ही माझ्याकडे असं बघितलंत की पुढचे आठ दिवस मी भातात मीठ किती तेही विचारलं नाही.

मी चिमूरकडची. आमच्या घरी माझी आई बारा महिने शिवायची. लग्नात येताना मी बोचक्यात अर्धी गोधडी बांधून आणली होती, आठवते? तुम्ही माझ्या हातातून सुई घेतली तेव्हा टाका अर्धा कापडात होता. निदान तेवढा तरी पुरा करू द्यायचा होता! इतकी काय घाई होती?

तुम्हाला वाटायचं गोधडी म्हणजे रिकामटेकड्या बाईचा खेळ. "उन्हायात शीव ना, कोन नाई म्हनते?" असं म्हणायच्या. उन्हाळ्यात? अहो बाई, उन्हाळा कोणाचा रिकामा होता? फाल्गुन-चैत्रात पहाटेपासून मोहाखाली वाकायचं, फुलं वेचायची, वाळवायची. वैशाखात तेंदूची पानं तोडायची आणि ओसरीभर बसून पुडे बांधायचे. त्यातून लग्नं, त्यातून पाहुणे. तुमचा उन्हाळा आणि माझा उन्हाळा एकच होता, तुम्ही माझ्या पुढेच तर चालत होता!

तरी मी शिवत राहिलेच. भाताला उकळी येईपर्यंत एक ओळ, वरण शिजेपर्यंत दुसरी. कुसुम पोटात असताना पोटावर कापड ठेवून, ती अंगावर पीत असताना तिच्या पाठीवरून हात घालून. शेणाने सारवलेली जमीन वाळेपर्यंत आत जायचं नसतं, तेवढा वेळ दारात बसून. कोणाचं जेवण उशिरा झालं नाही, गोठ्यातली गुरं तहानलेली राहिली नाहीत. सकाळचा केर कधी दुपारपर्यंत पडून राहिलेला तुम्ही दाखवून द्यावा! चूल आणि सुई दोन्ही सांभाळता येतात, फक्त एक धरली की दुसरी सोड असं कोणी ओरडायला नको.

आणि तरीही आषाढ आला की माझे हात बांधले जायचे. चार-पाच महिने. दर वर्षी. मला त्या दिवसांत घरात असून घरी नसल्यासारखं वाटायचं. हे मी तुम्हाला सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही.

या वर्षी तुम्ही नव्हता, पण पार्वताबाई होत्या. थोरली जाऊ ती थोरलीच. सकाळी माझ्यासमोर हात पसरून उभ्या. "सुई दे."

मी म्हटलं, "नाई देत."

"हे बाईची रीत हाय!"

"बाई गेल्या ना जी."

 पार्वताबाईंनी तोंडाला पदर लावला. तुमचे मालक, मामाजी, खाटेवर बसून पेज पीत होते, त्यांनी मान वर केली नाही. "जे बाईनं चालवलं, ते चालू राहू द्या," एवढंच बोलले. मी सुई पदराला टोचून कामाला लागले.

मग तुमच्या धरणीमायनं माझी परीक्षाच घेतली बघा. अर्ध्या बांध्या रोवून झाल्या आणि पाऊस थांबला. ऊन पडलं, चिखलाला भेगा दिसायला लागल्या, उपटलेल्या रोपांच्या पेंढ्या शेताच्या धुऱ्यावर पिवळ्या पडू लागल्या. पार्वताबाई माझ्या तोंडावर बोलत नव्हत्या, माझ्या पाठीमागे बोलत होत्या. "पीक गेलं तं हिच्यानं गेलं." खोलगट बांध्यांत अजून पाणी होतं, तिथे रोवायला आलेल्या बायाही माझ्यापासून एक हात लांब वाकायला लागल्या. कुसुमने घाबरून विचारलं, "माय, पाऊस तुह्यानं थांबला का?" सात वर्षांची पोर, आणि तिच्या तोंडी हे! एकदा वाटलंही, जाऊ दे, टाकावी सुई आड्याला, कशाला सगळ्यांच्या डोळ्यांत खुपायचं? पण पोरीच्या त्या प्रश्नानेच माझं डोकं फिरलं. आता सुई वर गेली असती तर तिला उत्तर मिळालं असतं, 'हो, माझ्यामुळेच' म्हणून. त्याच संध्याकाळी शेतातून आल्या आल्या मी गोधडी काढली.

आणि नेमक्या तेव्हा जनामावशी आल्या. तुमची धाकटी बहीण, चामोर्शीहून. पाऊस नाही म्हणून वैनगंगेचं पाणी उतरलं होतं आणि पलीकडून माणसं आणणारा डोंगा, लहान होडी, सुरू झाला होता. अंगणात पाय ठेवला, मला शिवताना बघितलं आणि पाणीसुद्धा न मागता धावत येऊन माझ्या हातावर फटका मारला. "टाक ते! हात ओले हायत तुहे!"

बाई, मावशीने देवीचं नाव काढलं नाही. आभाळाकडे बघितलं नाही. त्या माझी बोटं उलटीपालटी करून बघत होत्या, दिवसभर चिखलात भिजून फुगलेली, पांढरी पडलेली.

"ओल्या हाताचं काय मावशी?"

"तुले कोनी सांगतलं नाई? मंग माह्या बईनीचं बोट कायनं गेलं?"

"इळ्यानं."

"इळ्यानं!" मावशी माझ्यासमोर बसल्या. "इतके वर्सं तिनं हेच सांगतलं का तुमाले?"

तुमच्या उजव्या हाताचं मधलं बोट पेरावर तुटलेलं होतं. धान कापताना विळा लागला, असं तुम्ही सांगायच्या आणि आम्ही ऐकायचो. विळा धरणाऱ्या हाताचंच बोट विळ्याने कसं जाईल, हा विचार एकीलाही शिवला नाही! विचारायचं नाही हे तुम्ही आम्हाला चांगलंच शिकवलं होतं.

मावशीने मग सगळं सांगितलं. तुम्ही शिवत होता. नुसत्या शिवत नव्हता, तुमची गोधडी बघायला सावली गावच्या बाजारातून बाया वाट वाकडी करून यायच्या! लग्नाला दोन-तीन वर्षं झाली होती. रोवणीचे दिवस, हात दिवसभर पाण्यात, आणि घरी आल्यावर तसल्याच मऊ पडलेल्या बोटांनी तुम्ही जाड थरातून सुई दाबत बसल्या. सुई पुढे गेली नाही. तिचं मागचं टोक बोटात गेलं. चिखल आत गेला, बोट सुजलं, वैदूने डाग दिला, शेवटी पेर गळून पडलं.

आणि तुमच्या सासूने काय केलं? भर अंगणात रोवणाऱ्या बायांसमोर तुम्हाला उभं केलं. म्हणाली, रोवण्यात सुई ओवली म्हणून धरणीमायने बोट घेतलं, आता पीकही घेईल. त्या वर्षी पुढे धान मरून गेलं. मग काय, सगळ्यांनाच पटलं. आड्याला ती पहिली चिंधी तिने तुमच्याकडूनच बांधून घेतली. फडकं गुंडाळलेल्या हाताने.

हे ऐकून मला आधी रडू आलं आणि मग असा संताप आला की काय सांगू. तुमच्या सासूचा तर आलाच. पण बाई, तुमचा जास्त आला! तुम्ही ते खरं मानलंत? तुम्ही? गावच्या पाटलाला अंगणातून परतवून लावणाऱ्या, वैदूच्या मुळ्या हुंगून खोट्या ठरवणाऱ्या तुम्ही, तेवढी एकच गोष्ट खरी मानून बसल्या? पुन्हा सुई हातात धरली नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही! आणि तिने तुमच्या डोक्यावर जे ठेवलं ते तुम्ही उतरवून पार्वताबाईंच्या आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. का? 'पोरी, माझं बोट असं गेलं, ओल्या हाताने शिवू नको,' एवढं बोलायला किती वेळ लागला असता? भाताला उकळी येण्याआधी बोलून झालं असतं!

मी तशीच मामाजींपुढे जाऊन उभी राहिले. डोक्यावर पदर होता, तेवढी मर्यादा ठेवली. "मामाजी, तुमाले माहीत होतं?"

ते तंबाखू चोळत होते. "होतं ना."

"मंग बोलले काऊन नाई?"

"मायपुढं कोन बोलते बाप्पा?"

"तुमची माय जाऊन किती वर्सं झाली जी?"

त्यांनी तंबाखू तोंडात टाकली. पण पाणी प्यायला उठले तेव्हा सपरीत पसरलेल्या गोधडीला वळसा घालून गेले, एरवी तुडवत गेले असते.

खरी रीत किती छोटी होती बघा! पाण्यातून आलेल्या हाताला सुई नाही. बस्स. तुम्ही सासू-सुनांनी ती ताणून पाच महिन्यांवर पसरवली. आता मी ती परत होती तेवढी केली आहे. एक दिवस मी बांधीत जाणार आणि पार्वताबाई चूल बघणार, दुसऱ्या दिवशी उलट. चुलीच्या दिवशी माझे हात कोरडे असतात. त्या दिवशी मी शिवणार. बोटाला तेल-हळद लावून, चामड्याची टोपी चढवून. बांधीच्या दिवशी सुईला हात लावणार नाही, कारण मला बोटं हवी आहेत.

हे मी सगळ्यांसमोर जाहीर केलं. पार्वताबाई म्हणाल्या, "मी नाई करत असं काई." पण दुसऱ्या दिवशी चुलीपुढे त्याच बसल्या होत्या. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. मात्र धुऱ्यावर जेवताना बायांना तुमची गोष्ट सांगतात, आणि दर वेळी तुमचं नुकसान वाढवून सांगतात. परवा तुमचा मनगटापर्यंतचा हात गेला होता. सांगू दे. त्यांनाही या घरात येऊन अठरा पावसाळे झालेत, त्यांनीही काही सोडलं असेल.

तुम्ही आता हसत असाल तर ऐका, पाऊस अजून आलेला नाही. आभाळ कोरं आहे. रोवायच्या राहिलेल्या बांध्या तशाच आहेत, आणि पीक गेलं तर गाव मलाच नाव ठेवणार. ठेवू दे. पाऊस आला तर मी जिंकले असंही मी म्हणणार नाही. माझ्या टाक्यांचा आणि त्याचा काही संबंध नाही, तो आला तरी नाही आणि न आला तरी नाही. कुसुमला मी हेच सांगितलं. "मंग मी शिकू?" तिने विचारलं. मी तिचे हात पुसले आणि तिला शेजारी बसवलं.

एक गोष्ट तुम्हाला कोणीतरी तेव्हाच सांगायला हवी होती. तुमच्या नवऱ्याने, तुमच्या बहिणीने, त्या अंगणातल्या एखाद्या तरी बाईने. कोणी सांगितली नाही, म्हणून मी सांगते. बाई, ते धान तुमच्यामुळे मेलं नव्हतं. तुमचा काही गुन्हा नव्हता. तुम्ही फक्त शिवत होता.

आणि हा माझा शब्द. या घरात मीही उद्या सासू होईन, मीही 'नको' म्हणेन, पुष्कळदा म्हणेन. पण पोरीने, सुनेने 'काऊन' विचारलं की मी डोळे वटारणार नाही, धरणीमायला मध्ये घालणार नाही. खरं कारण सांगेन, सांगताना माझीच मान खाली गेली तरीही.

तुमची न ऐकणारी धाकटी सून,
सुगंधा