सॉरी, अक्का

पंचवटी, नाशिक
३ डिसेंबर २०२४

चि. यादव यास,
अनेक आशीर्वाद. थोरल्या बहिणीने द्यायचे असतात म्हणून देते आहे.

आईचं तेरावं झालं, पाहुणे पांगले, आता बोलते. राख सावडली त्या दिवशी तूच मला सांगितलंस, की अस्थी दहाव्याला रामकुंडावर सोडू, तोवर अक्का, तू नाशिकला जाऊन पड. मी आले. दुसऱ्याच दिवशी मामेबहिणीच्या स्टेटसला तुझा फोटो. गुडघाभर पाण्यात तू, हातात कलश, शेजारी तुझा ललित मोबाईल उंच धरून, का, तर अमेरिकेतल्या निकिताला आजीचं सगळं नीट दिसावं. नात तिकडून हजर होती. लेक रामकुंडापासून चालत जाण्याच्या अंतरावर, घरात डाळ निवडत बसली होती.

गणपतीत आई माझ्याकडे होती तेव्हा तुझ्यादेखत म्हणाली होती, की मला रामकुंडावर गंगेत अनसूयाच सोडेल, म्हणजे मी. तू मान डोलावली होतीस.

संध्याकाळी तुझा मेसेज आला. सॉरी अक्का, घाईत झालं. पुढे जोडलेल्या हातांचं चित्र.

बाबा कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघराला भाजी पुरवायचे, त्या ओळखीवर मी तिथे शिकले, म्हणून हा शब्द मला तुझ्या आधीपासून माहीत आहे. सिस्टर विचारायच्या, सॉरी कशाबद्दल? नुसतं सॉरी म्हटलं की रांगेच्या शेवटी उभं करायच्या. पुढे टेलिफोन खात्यात मी जन्मभर सॉरी, लाइन बिझी आहे असं म्हणत बसले, आणि त्यातल्या एकाही सॉरीत मला काडीचं वाईट वाटलं नाही. बँकेतली मुलगी सर्व्हर बंद पडला की सॉरी म्हणते. दुचाकीवाला कोपराला घासून गेला की सॉरी. नीट ऐकू आलं नाही तरी सॉरी. लग्नाला यायचं नसेल तरी सॉरी. डॉक्टर सॉरी म्हणत बाहेर आले तेव्हा आपली आई गेलेली होती.

तुझं यातलं कोणतं, ते पत्राने कळव. मोबाईलवर पाठवलंस तर वाचणार नाही.

मनीषाला आशीर्वाद. तिने आईसाठी जागून काढलेल्या रात्री मी विसरलेले नाही.

तुझी,
अक्का


लासलगाव
१० डिसेंबर २०२४

ती. स्व. अक्का हिस,
यादवचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. पत्र लिहायची सवय गेली आहे, तेव्हा लाल पेन घेऊन बसू नकोस. इकडे लाल कांद्याची आवक सुरू झाली, मार्केटात ट्रॅक्टरांची रीघ आहे, जेवायला दुपारचे चार वाजतात.

त्या दिवशी गाडी मोकळी होती, गुरुजींना वेळ होता, म्हणून उरकून घेतलं. दुसरं म्हणजे तुझे गुडघे. तिथल्या पायऱ्या शेवाळलेल्या. तू घसरली असतीस तर एका महिन्यात दोन दुखणी मला झेपली नसती. तुला त्रास नको, एवढाच हेतू. तरी तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. ललित सॉरी म्हणतो, मनीषाही म्हणते. निकिताने तर त्याच दिवशी तुला फोन करून सॉरी म्हटलं होतं. म्हणजे घरातल्या सगळ्यांचं झालं.

आता राग सोड. तुझ्याशी वाद घालायची माझी टाप नाही. लहानपणी तू इंग्रजीत रागवायचीस आणि मला कळायचं नाही, तेच बरं होतं. वर्षश्राद्धाला नाशिकला येऊ तेव्हा तुझ्याकडेच उतरू.

थंडी लय आहे, जपून राहा. धाकट्याला पदरात घ्यावं.

तुझा,
यादव


पंचवटी, नाशिक
१६ डिसेंबर २०२४

चि. यादव यास,
आशीर्वाद.

लाल पेन घेतलेलं नाही. एकदा घेतलं असतं तर पान उरलं नसतं.

वाईट वाटलं असेल तर, असं लिहितोस. म्हणजे दोष माझ्या वाटण्याचा. निकिताला यात ओढू नकोस. इंग्रजीत कुणी गेलं की सॉरी म्हणतात. त्यात चूक कुणाचीच नसते, मी तुझ्या दुःखात आहे एवढंच त्यात असतं. पोरीने तो शब्द जागच्या जागी वापरला आणि फोनवर रडली. तिच्या सॉरीच्या आड तू उभा राहू नकोस.

आता गुडघे. याच गुडघ्यांनी मी श्रावणात तुझ्या साडूला त्याच्या वडिलांच्या अस्थी घेऊन त्याच पायऱ्या उतरवल्या. नाशकात घर असलं की साऱ्या गोतावळ्याचे मेलेले आपल्या घरावरून जातात. मी गुरुजी गाठून दिले, ओली धोतरं दोरीवर टाकली, वरणभात वाढला, कुणाच्या कोण चुलत सासऱ्यासाठीसुद्धा. तेव्हा तुला माझे गुडघे आठवले नाहीत. माझी स्वतःची आई तेवढी दारावरून परस्पर गेली.

एकच विचारते. तू मला मुद्दाम सांगितलं नाहीस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. बाकी कांद्याचं मला कळवू नकोस.

अक्का


लासलगाव
२४ डिसेंबर २०२४

ती. स्व. अक्का हिस,
शि. सा. न. वि. वि.

हो. मुद्दाम.

त्या दिवशी गाडीत खंडेरावकाका होते. ते म्हणाले, मुलगा असताना बहीण पुढे झाली तर लोक काय म्हणतील. पण त्यांच्यावर ढकलत नाही. ते बोलले नसते तरी मी तुला बोलावलं नसतं. नऊ वर्षं आई माझ्याकडे होती, शेवटी तर अंथरुणालाच. मनीषाने तिचं सगळं केलं. आई मात्र येईल जाईल त्याला तुझंच कौतुक सांगायची, आणि शेवटचा हातही तुझाच मागितला. मी मान डोलावली, पण आतून जळत होतो.

गाडी तुझ्या गल्लीपाशी आली तेव्हा ललित म्हणाला, आत्याला घेऊ. मी त्याच्यावर खेकसलो. तुझ्या गॅलरीत साडी वाळत होती, ती मला दिसली होती.

हे सगळं लिहिल्यावर खाली सॉरी लिहायला गेलो, पण हात चालेना. चुकलो, अक्का. मी तुझं नेलं.

यादव


पंचवटी, नाशिक
३१ डिसेंबर २०२४

चि. यादव यास,
आशीर्वाद. आज मनापासून.

पत्र वाचलं. तू केलंस, मनीषाने त्याहून जास्त केलं, आणि आईने माझं नाव तुमच्या तोंडावर घ्यायला नको होतं. हे मी तिला सांगायला हवं होतं. मला ते ऐकायला गोड लागायचं.

कॉन्व्हेंटात एक गोष्ट आणखी शिकवली होती. समोरच्याने सॉरी म्हटलं की आपण ताबडतोब इट्स ऑल राइट म्हणायचं, खरं असो वा नसो. ते मी म्हणणार नाही. तू खरं लिहिलंस, तेव्हा मीही खरंच लिहिते. ऑल राइट काहीही नाही.

काल सोमवती अमावस्या होती. गंगेवर गेले. गर्दी होती. एका गुरुजींनी हटकून विचारलं, अस्थी कुणाच्या? मी म्हटलं, आईच्या. त्यांनी घ्यायला हात पुढे केला. माझ्याकडे पिशवीसुद्धा नव्हती. ते दुसऱ्या माणसाकडे वळले. मी पाण्यात पाय बुडवून थोडा वेळ उभी राहिले, आणि घरी आले.

वर्षश्राद्धाला या. घर तुमचंच आहे, मी जेवायला वाढीन. गंगेवर मात्र तुझ्याबरोबर येणार नाही.

तुझ्यावर माझा लोभ आहे. तो जात नाही, हीच माझी अडचण आहे.

अक्का