करंट उलटा सोडला तर

ती. तात्या,

जपानमधल्या सेंदाईहून तुमच्या चारुताचा साष्टांग नमस्कार. मी बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तुमचा गुडघा कसा आहे? चिकू उतरवले का?

धातूच्या पातळ थरांतल्या चुंबकाची दिशा नुसत्या करंटने फिरवायची, हे माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. आधीच्या गाईडने माझी वही ढापून ते स्वतःच्या नावावर छापलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जाऊ दे गो पोरी, मोठ्या मानसाशी वैर नाय करायचा." मी जाऊ दिलं नाही. दिशा करंटने नव्हे, धातूची पट्टी तापल्यामुळे फिरत होती, ही त्या वहीतली माझीच चूक मला नंतर सापडली. ती त्याला न कळवता तीन वर्षं मी संधीची वाट पाहिली.

काल तो इथल्या परिषदेत तेच मिरवत होता. मी भरसभेत उठून विचारलं, "सर, करंट उलटा सोडला तर दिशा परत फिरते का?"

त्याने ते कधी करूनच पाहिलं नव्हतं. मी माझे आलेख दाखवले: उलट्या करंटनेही दिशा परत फिरत नव्हती, म्हणजे काम करंटचं नव्हे, उष्णतेचं होतं. तो घाम पुसत खाली बसला. मला फार बरं वाटलं, तात्या.

आईला सांगू नका. ती म्हणेल, "त्यालाबी पोरं हायत."

असतील. उद्या त्याचं दुसरं भाषण आहे, आणि मी पहिल्या रांगेत जागा धरली आहे.

तुमची,
चारुता