पॉपलरवाल्यांचे दोन गट

काराकोल

प्रिय कालिचास,

अनेक आशीर्वाद. तुझी कंबर कशी आहे? फोन असताना कागद का, तर फोनवर तू न वाचताच अंगठा पाठवतेस (मी अंगणात पडल्याचं कळवलं, तेव्हाही अंगठाच आला).

आपल्या गल्लीचा फोनवरचा गट मी चालवते. त्यात पावाच्या कृती, घोड्यांच्या शर्यती आणि हरवलेल्या मेंढ्यांची एवढी खिचडी झाली, की कुणाच्या मयताच्या बातमीखाली 'मीठ थोडं कमी वाटलं' असं येऊन पडलं. म्हणून मी आवडीप्रमाणे गट पाडले: बागवाले, घोडेवाले, स्वयंपाकवाले. सगळे सुखात होते. तेवढ्यात नगरपालिकेने विचारलं, रस्त्यावरची पॉपलरची झाडं तोडायची की ठेवायची?

आमचे हे, तोक्तोसून, म्हणाले, ठेवा. समोरचे कुबानिच म्हणाले, तोडा, झाडांच्या बियांचा कापूस घरात उडतो. दोघे जन्माचे मित्र, पण गटावर एकमेकांची अशी अक्कल काढली की रोजचं बुद्धिबळ बंद झालं. मी शहाणी, दोन गट केले: ठेवणाऱ्यांचा एक, तोडणाऱ्यांचा एक. ठेवणाऱ्यांनी आधी एकमेकांना शाबासकी दिली, मग गप्प झाले, आणि मग बुंध्यांना चुना लावावा की नाही यावरून आपसातच जुंपली. आमचे हे खिडकीशी बसून राहायचे.

"त्या गटात काय चाललंय गं?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही. पण कुबानिच चुकीचं लिहीत असेल, आणि त्याला सांगायला तिथे कुणी नसेल."

मला त्यांची दया आली. दोन्ही गट एक केले आणि नियम घातला: विरोध करण्याआधी समोरच्याचं म्हणणं स्वतः लिहायचं, आणि तो 'हो, हेच' म्हणेपर्यंत पुन्हा लिहायचं. ह्यांनी लिहिलं. कुबानिच म्हणाले, नाही. पुन्हा लिहिलं. नाही. शेवटी हे चिडून सपाता घालूनच त्यांच्या घरी गेले. बघतात तर एवढ्या उकाड्यात खिडक्या बंद, आणि कुबानिचची बायको बुरुल तोंडाला ओलं फडकं लावून धापा टाकत बसलेली. कापूस उडायला लागला की तिला श्वास घेता येत नाही, आणि हे कुणाला सांगायचं नाही अशी तिने नवऱ्याला शपथ घातलेली.

ह्यांनी परत येऊन सगळं गटावर लिहिलं. (शपथ ह्यांना नव्हती.) कुबानिचनी उत्तर दिलं, "हो, हेच." आणि खाली लिहिलं, "तोक्तोसूनचं म्हणणं असं, की ही झाडं त्याच्या वडिलांनी लावली."

बुरुलच्या घरासमोरची झाडं पडली, बाकीची राहिली. करवतीचं एक टोक ह्यांच्याच हातात होतं. घरी येऊन न जेवता झोपले. बुरुलने जर्दाळूचा मुरंबा पाठवला, सोबत निरोप: हे गटावर टाकलंत तर याद राखा.

तुझी ताई,
सैकाल

ता. क. खरं काम आता सांगते. तू, मी आणि आपला धाकटा एर्मेक असा तिघांचा गट मी काढला आहे. आईच्या लोकरी गालिच्यावरून तुम्ही बहीणभाऊ बोलत नाही. नियम तोच आहे.

ता. क. २ एर्मेकने सुरुवात केली आहे. 'कालिचासताईचं म्हणणं असं, की आई शेवटी तिच्याकडे होती आणि रात्री' एवढं लिहून तो थांबला आहे. पुढचं त्याला ठाऊक नाही. तू सांग.