पिवळ्या खडूची खूण

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

आज पुन्हा! शेड उघडलं तर गाडीच्या साखळी-ट्रॅकच्या प्रत्येक पिनेवर पिवळ्या खडूची खूण. मी अजून पानासुद्धा उचलला नव्हता. शेडची किल्ली माझ्याच खिशात.

अशी खूण एकच माणूस करायचा — गोपीनाथ मिस्त्री. चिखलात फसलेले रणगाडे ओढून काढणारी ही रिकव्हरी गाडी त्यांनी बावीस वर्षं सांभाळली. तपासणीच्या यादीतली एकेक वस्तू हाताने चाचपायचे. ठीक असली तरच खूण, नाहीतर नाही. "आँख से नहीं ईश्वर भाई, हाथ से देखो." ऑगस्टमध्ये इथेच, छाती धरून खाली बसले ते उठलेच नाहीत. भैंसाकुंडाच्या स्मशानात त्यांना पोचवून आलोय मी.

कुणीतरी चेष्टा करतंय. सापडू दे, बघतोच!

मंगळवार, १९

गाडीचा ड्रायव्हर अनुप. त्याला दरडावून विचारलं. "अरे नहीं ईश्वर जी, मैं तो समझा आप लगाते हैं." खोटं बोलत नव्हता. आणि स्टोअरमध्ये खडू मिळतो तो पांढरा.

आज इंजिन, तेलाच्या नळ्या, बॅटऱ्या. दोन खुणा पुसून मी स्वतः तपासलं. दोन्ही ठीक. म्हाताऱ्याच्या कामात चूक निघाली नाही कधी!

डावा खांदा दुखतोय. पाना मारून मारून.

बुधवार, २०

ऑफिसचं वार्षिक मेडिकल. रांगेत कोण उभं राहणार! ओळखीच्या कंपाउंडरने मागच्या वर्षीचे आकडे उतरवले, मी सही ठोकली. दहा मिनिटांत मोकळा.

घरी मधुमतीने विचारलं, "अहो, जिना चढताना धाप लागते ते सांगितलंत ना?" सांगितलं म्हटलं. बायकांचं काही ना काही चालूच असतं.

गुरुवार, २१

पूर्ण गाडी फिरून बघितली. यादीत एकसष्ट कामं. साठ जागी खूण आहे. फक्त विंचच्या, म्हणजे ओढायचा दोर गुंडाळतात त्या, ड्रमवर नाही.

अंगावर काटा आला. का, ते इथेच लिहू शकतो. ड्रमवरचा तारेचा दोर दर तीन महिन्यांनी पूर्ण उलगडून बघायचा असतो. चार माणसं, अर्धा दिवस. ऑक्टोबरमध्ये मी वरचे दोन थर बघितले, ग्रीस फासलं आणि सही केली. वरून चकचकीत होता, आत काय होणार म्हटलं!

शनिवारी गाडी सरावाला जायचीय. ताणावर दोर तुटला तर उलटा येतो, माणसाचे दोन तुकडे करतो. तिथे दोर अडकवायला अनुप उभा असतो.

शुक्रवार, २२

वर्कशॉपच्या सुभेदार साहेबांना म्हटलं, दोर उलगडायचाय. "पिछले महीने तो किया था आपने?" सांगून टाकलं — नव्हता उलगडला साहेब, सही खोटी होती. त्यांनी लगेच चार माणसं दिली.

शेडबाहेर धुक्यात दोर अंथरला. अगदी आतल्या थरात, वीतभर जागेत अकरा तारा तुटलेल्या, गंजलेल्या. अनुपने बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "इसके पास तो मैं खड़ा होता..."

गाडी थांबवली. मला लेखी जबाब द्यायचाय. देईन. लाज वाटली, खूप. आणि किती दिवसांनी सुटल्यासारखंही वाटलं.

शनिवार, २३

नवा दोर चढवला. हातभर हातभर चाचपला, तळवे सोलले. दम लागत होता, मध्येच दोनदा बसलो. जेवून परत आलो तर ड्रमवर पिवळी खूण!

शेडमध्ये कुणी नव्हतं. हात जोडले. मिस्त्री, झालं तुमचं काम. आता या.

रविवार, २४

गेले नाहीत.

सकाळी उठलो. गॅसच्या नळीवर पिवळी खूण. कुकरच्या शिट्टीवर. स्कूटरच्या ब्रेकवर. आर्याने मनगट पुढे केलं, "पापा, ये किसने लगाया?" मधुमतीच्या कपाळावर, कुंकवाच्या जागी.

आरशासमोर शर्ट काढला. पुढून बघितलं. मधुमतीला म्हटलं, पाठ बघ, नीट बघ, हात लावून बघ.

माझ्यावर कुठेच नाही.