सहलींच्या मोसमाआधी

२ नोव्हेंबर २०२५, श्रीरामपूर

निघालो. सकाळी दफनभूमीत आमच्या सॅम्युएलच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या आणि तिथूनच चालायला लागलो. फादरांनी आशीर्वाद दिला. अकरा माणसं, सामानाला एक टेम्पो. टेम्पोवर फलक — 'समुद्रावर जीवरक्षक हवेत' — आणि खाली त्याचा नववीतला फोटो.

गेल्या डिसेंबरात तो शाळेच्या सहलीबरोबर समुद्रावर गेला होता. बाकीची मुलं परत आली. वाटेत निधी गोळा करत त्याच किनाऱ्यापर्यंत चालत जायचं, तिथल्या शाळेला दोर आणि ट्यूब द्यायच्या. कल्पना मरियाची.

मी निधीसाठी चालत नाही. अकरा महिने मरिया, माझी बायको, घरात असून नसल्यासारखी आहे. ती जागा एकदा बघून आली की ती परत माणसात येईल, असं मी धरून चाललोय.

४ नोव्हेंबर, संगमनेरच्या अलीकडे

टेम्पोवाला अजिनाथ सोनईचा. दर मैलाला थांबून मरियाला म्हणतो, "बाई, बसा की घडीभर. देव काय मागून बघत येतोय व्हय, तुमी चालला का बसला?"

मरिया हसली. आवाज करून हसली. मी जागच्या जागी उभा राहिलो.

"दाजी, चला," याकोब म्हणाला. तिचा धाकटा भाऊ. "असं बघू नका तिच्याकडं. नजर लागंल."

६ नोव्हेंबर

पाय सुजलेत. लिहिण्यासारखं काही नाही.

८ नोव्हेंबर, आळेफाटा

चहावाल्याने पैसे घेतले नाहीत. फलक वाचून विचारलं, "पोराला पोहता येत न्हवतं का?"

सगळे हेच विचारतात. येत होतं. मीच शिकवलं — याकोबच्या वस्तीवरच्या विहिरीत, पाठीला डबा बांधून. आठवीत गेल्यावर डब्याशिवाय तळाची माती वर आणून दाखवायचा. मी हे कुणाला सांगत नाही.

मरिया म्हणाली, "चांगलं येत होतं." आणि चहा पीत राहिली. आधी या प्रश्नावर ती उठून जायची.

बरी होतेय.

११ नोव्हेंबर, माळशेज

घाट उतरलो. हवा दमट, अंग चिकट. उतरताना मरिया माझ्याबरोबर चालत होती. मध्येच म्हणाली, "तुम्हांला वरणाला फोडणी देता येते का हो?"

"नाही."

मग सगळं समजावलं. मोहरी तडतडल्यावर जिरं, लसूण मंद आचेवर, हिंग किती. कोठीतले गहू महिन्यातून एकदा उन्हात घालायचे, हेही सांगितलं. याकोब मागून ओरडला, "ताई, दाजींच्या हातचं खायला मला नको बोलवू!"

किती दिवसांनी घरातलं बोलली. मी नीट ऐकत होतो ते तिच्या आवाजासाठी. कृती आता आठवत नाही.

१८ नोव्हेंबर

पोचलो. गावाचं नाव लिहीत नाही.

शाळा किनाऱ्याला लागूनच. सातवी ते नववीची मुलं व्हरांड्यात बसवली होती. दोर, ट्यूब दिल्या. मी बोलायचं ठरलं होतं. उभा राहिलो आणि खाली बसलो. मग मरिया उठली. भाषण केलं नाही. विचारलं, "तुमच्यातलं कुणी बुडालंय का रे इथं?"

आठवीतली एक मुलगी म्हणाली, "नाय. आमच्यातलं कोण नाय बुडत. बाहेरचेच बुडतात."

"दिपाली!" त्यांच्या मॅडम म्हणाल्या.

"खरंच तर सांगते, मॅडम. आमी सांगतो, ओहोटी लागलीय, पाणी आत ओढतंय, जाऊ नका. ते हसतात. म्हणतात, आम्ही विहिरीत सूर मारतो, हे तर कमरेएवढं पाणी. पोहता न येणारे कडेलाच राहतात. पोहणारेच जातात."

मी फरशीकडे बघत होतो.

"तुमचं का ऐकत नाहीत?" मरियाने विचारलं.

"आमच्या बोलण्यालाच हसतात ते. तुमच्यासारखं बोलणारं कोण असलं तर ऐकतील."

"सहली कधीपासून येतात?"

"डिसेंबर लागला की रोज."

नंतर मरिया त्या मुलीचा हात धरून घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. वाळूवर मी बूट काढले नाहीत.

१९ नोव्हेंबर

परतीची एसटी दुपारची. सकाळी मरिया म्हणाली, "तुम्ही जा. मी राहते." सहली संपेपर्यंत. रोज किनाऱ्यावर उभी राहणार. मॅडमच्या घराची मागची खोली मिळाली आहे.

याकोब चिडला. "ताई, सॅम तिकडं हाय. कबर तिकडं हाय. इथं कोण हाय तुझं?"

"तिकडं त्याला माझी गरज नाही, याक्या."

मीही राहतो म्हणालो.

"नको. तुम्ही शेजारी असलात तर मला पाण्याकडे बघवणार नाही."

का, ते तिने सांगितलं नाही. मला कळलं. त्याला पोहायला मी शिकवलं होतं.

एसटी सुटली तेव्हा ती हात करायला आली होती. बरी दिसत होती.

२४ नोव्हेंबर, श्रीरामपूर

मरिया शिकवते त्या शाळेत गेलो. तिची रजा जानेवारीपर्यंत बिनपगारी वाढवून मिळेल का, विचारायला. मुख्याध्यापिकांनी बसायला सांगितलं, शिपायाला पाणी आणायला पाठवलं. तो जाईपर्यंत थांबल्या.

"सर, त्यांनी दिवाळीच्या सुट्टीआधीच नोकरी सोडली. मला वाटलं, तुम्ही दोघांनी मिळून ठरवलंय."